आळस नव्हे, क्लम!

(दीर्घकालीन थकव्याचा आजार आणि समाजाचा अविश्वास या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)



एखाद्या लग्नघरातील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पस्तिशीची एक शिक्षिका दोन वर्षांपासून बिनपगारी रजेवर आहे. धाकट्या भावाच्या लग्नाला ती येते. अंगावर पैठणी, केसांत गजरा, चेहऱ्यावर हसू. ती अक्षता टाकते, विहीणबाईंची विचारपूस करते, पहिल्या पंगतीला जेवते आणि दोन तासांनी नवऱ्याचा हात धरून निघून जाते. ती गाडीत बसताच मांडवात कुजबुज सुरू होते. "आजारी आहे म्हणे! छान तर दिसते. शाळेत जायचा कंटाळा, दुसरे काय?" असे म्हणणारी कोणी परकी बाई नसते, सख्खी आत्या असते.

तिसऱ्या दिवशी तीच शिक्षिका पडदे ओढलेल्या खोलीत निपचित पडलेली असते. उशीवरून मान उचलवत नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज कानांवर घणासारखा आदळतो. मुलाने पुस्तकातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या, तर त्यांचा अर्थ लागत नाही. हे दृश्य पाहायला मांडवातले कोणीही नसते. लोकांनी पाहिलेले दोन तास खरे होते, आणि त्या दोन तासांसाठी तिने मोजलेली किंमतही तितकीच खरी होती. पण पहिली गोष्ट चारचौघांत घडली आणि दुसरी बंद दाराआड.

हा प्रसंग कल्पिलेला आहे. मात्र ज्या घरात हा आजार शिरला आहे, त्या घरातील मंडळींना तो कल्पिलेला वाटणार नाही.

या आजाराचे नाव उच्चारायला अवघड आहे : मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. त्याचे दुसरे, अधिक प्रचलित नाव म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. वैद्यकीय लेखनात दोन्ही जोडून ‘एमई-सीएफएस’ असे लिहितात. पुष्कळदा सुरुवात एखाद्या साध्या विषाणूजन्य तापाने होते. ताप उतरतो, पण माणूस पूर्ववत होत नाही. सहा महिने उलटून जातात, पूर्वी सहज होणारी कामे निम्म्यानेही होत नाहीत. रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नाही. स्मरणशक्ती आणि एकाग्रता मंदावते. कित्येकांना नुसते उभे राहिले तरी घेरी येते, छाती धडधडते. पण या आजाराची खरी खूण वेगळीच आहे. शरीराला किंवा बुद्धीला थोडा जास्त ताण पडला की सगळीच लक्षणे उसळून येतात, आणि ती पुष्कळदा लगेच नव्हे, तर १२ ते ४८ तासांनी. मग माणूस दिवसचे दिवस, कधी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो. निरोगी माणूस दमतो, झोपतो आणि ताजातवाना होऊन उठतो. या रुग्णाच्या बाबतीत हे साधे गणितच बिघडलेले असते.

येथेच अविश्वासाचे मूळ आहे. रुग्ण लोकांना दिसतो तो त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या घटकेत, कारण वाईट घटकेत तो घराबाहेर पडूच शकत नाही. रक्ताचे नेहमीचे अहवाल व्यवस्थित येतात. क्ष-किरण चित्रात काही आढळत नाही. अंगावर पट्टी नाही, हातात काठी नाही. सन २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा गावेच्या गावे लंगडत होती. सांधे धरून जिना उतरणाऱ्या माणसाला ‘तू नाटक करतोस’ असे कोणी म्हटले नाही. जे दुखणे शेजाऱ्यालाही झालेले असते आणि चालीत दिसते, त्याला साक्षीदार लागत नाही.

सुश्रुताने केलेला भेद

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील चौथ्या अध्यायात निद्रेचे विवेचन आहे. त्या ओघात तंद्रा, जांभई, क्लम, आलस्य, ग्लानी अशा अवस्थांची लक्षणे सांगितली आहेत. क्लम म्हणजे श्रम केलेले नसतानाही देहात वाढत जाणारा शीण. त्यात धाप लागत नाही, पण इंद्रियांना आपापले काम करता येत नाही. आणि आलस्य म्हणजे काय? सुखाची चटक, कष्टाचा तिटकारा आणि अंगात शक्ती असूनही कामाविषयी निरुत्साह. ‘शक्ती असूनही’ ही अट येथे फार महत्त्वाची आहे. ज्याच्या ठायी शक्ती आहे, त्यालाच आळशी म्हणता येते. शक्तीच हरपलेल्या माणसासाठी ग्रंथकर्त्याने वेगळा शब्द योजला आहे.

यावरून सुश्रुताला हा आधुनिक आजार ठाऊक होता, असा निष्कर्ष कोणी काढू नये. असे दावे व्यासपीठावर टाळ्या मिळवून देतात, रुग्णाच्या पदरात मात्र काही पडत नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती निरीक्षणाची शिस्त. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांना, म्हणजे अंथरुणातून न उठणाऱ्या आळशाला आणि अंथरुणातून उठू न शकणाऱ्या आजाऱ्याला, एकाच मापाने मोजायचे नाही, एवढी दक्षता त्या जुन्या वैद्याने घेतली. विसाव्या शतकातील प्रगत देशांच्या वैद्यकाला मात्र ती नेहमीच घेता आली नाही. त्याची कथा उद्बोधक आहे.

लंडनमधील २९२ जण

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जुलै १९५५ मध्ये एक चमत्कारिक साथ आली. जुलै ते नोव्हेंबर या काळात रुग्णालयाचे २९२ कर्मचारी आजारी पडले. त्यांपैकी २५५ जणांना दाखल करून घ्यावे लागले. रुग्णालय २५ जुलैपासून ५ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. घसा दुखणे, डोके दुखणे, स्नायूंत वेदना, हातापायांत अशक्तपणा, संवेदनांत बदल अशी लक्षणे होती. विशेष म्हणजे आधीपासून तेथे दाखल असलेल्या रुग्णांपैकी केवळ १२ जणांना हा त्रास झाला. आजारी पडले ते डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी. कोणी दगावले नाही, म्हणून १९५६ मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या अग्रलेखात आजाराच्या नावामागे ‘सौम्य’ या अर्थाचे विशेषण लावले गेले. पुढे अनेक वर्षे अंथरुणावर काढलेल्या रुग्णांना ते विशेषण काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. रुग्णालयातील संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. मेल्विन रॅमसे यांनी मात्र या रुग्णांचा पाठपुरावा आयुष्यभर सोडला नाही.

पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, मॅकइव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडला की ती साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. त्यांनी एकाही रुग्णाला तपासले नव्हते. जुनी कागदपत्रे चाळून हा निवाडा दिला होता, आणि त्यांच्या युक्तिवादातील एक मुद्दा असा, की आजारी पडणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार होते! परिचारिकांनी भरलेल्या रुग्णालयात साथ आली तर स्त्रियाच अधिक आजारी पडणार, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात या आजाराची नोंद मज्जासंस्थेच्या विकारांत केली होती. पण ‘उन्माद’ हा शब्द वर्तमानपत्रांना सोपा होता. तो टिकला.

अमेरिकेतही तेच घडले. नेवाडा राज्यातील इन्क्लाइन व्हिलेज या गावी १९८४-८५ मध्ये अनेक जण एकाच वेळी अशा रीतीने आजारी पडले. डॅनियल पीटरसन आणि पॉल चेनी या दोन स्थानिक डॉक्टरांनी सरकारी रोगनियंत्रण केंद्राला कळवले. पथक आले, पाहून गेले. वृत्तपत्रांनी आजाराला ‘यप्पी फ्लू’ असे नाव ठेवले. म्हणजे पैसेवाल्या तरुण नोकरदारांचे चोचले. १९८८ मध्ये केंद्राने त्याचे अधिकृत बारसे केले ते क्रॉनिक फटीग सिंड्रोम या नावाने. क्षयरोगाला कोणी ‘जुनाट खोकला’ असे नाव दिले असते तर काय झाले असते? थकवा तर प्रत्येकालाच येतो. त्यामुळे नाव ऐकताच ऐकणारा म्हणू लागला, "मलाही येतो हो!" संशोधनासाठी मिळालेल्या पैशाची गत काय झाली, तेही पाहण्यासारखे आहे. सरकारच्याच महानिरीक्षकांनी १९९९ मध्ये केलेल्या तपासणीत आढळले की १९९५ ते १९९८ या काळात या आजाराच्या खात्यावर दाखवलेल्या रकमेतील ८८ लाख डॉलर भलत्याच कामांवर खर्च झाले होते. ज्या आजारावर विश्वासच नाही, त्याच्या पैशाचा हिशेब कोण ठेवणार?

अविश्वासाचे सर्वांत गंभीर फळ पुढे आले. आजार मनाचा आहे, शरीर नुसते सवयीने मऊ पडले आहे, अशी एकदा धारणा झाली की उपचारही तसेच सुचतात : रुग्णाचे विचार बदला आणि त्याला दररोज थोडा थोडा वाढता व्यायाम द्या. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर ‘पेस’ नावाची मोठी चाचणी झाली आणि २०११ मध्ये ‘लान्सेट’ने तिचे निष्कर्ष छापले. या दोन उपचारांनी रुग्ण सुधारतात, असा त्यांचा आशय होता. जगभर त्याचा गाजावाजा झाला. रुग्णांनी मात्र ते आकडे बारकाईने वाचले. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा त्याहून कमी असावे लागत होते. नंतर प्रकृती ‘सामान्य’ ठरवण्यासाठी रेघ ओढली गेली ती ६० गुणांवर. म्हणजे एखादा रुग्ण ६५ वरून ६० वर घसरला, तरी त्या एका निकषावर तो सुधारल्यात जमा! शाळेतल्या मुलालाही खटकावी अशी ही गोष्ट होती. मूळ आकडेवारी द्यायला संबंधित विद्यापीठ तयार नव्हते. ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराचा ब्रिटिश कायदा हाती घेऊन लढा दिला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ती खुली करण्याचा आदेश दिला. आकडे पुन्हा तपासले गेले, तेव्हा बरे झाल्याचा दावा टिकला नाही. अखेर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि ठरीव प्रमाणात वाढत जाणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट केले. संभाषणोपचार रुग्णाला आधार म्हणून चालतील, आजार बरा करणारे म्हणून नव्हेत, हेही नोंदवले. २००७ च्या तत्त्वांत हेच दोन उपचार शिफारस म्हणून दिले होते. मधल्या चौदा वर्षांत किती जण व्यायाम करता करता अधिक खंगले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

याआधीही वैद्यकाचा असा अंदाज चुकला आहे. पोटातील व्रण, ज्याला आपण अल्सर म्हणतो, तो काळजी, ताण आणि तिखट खाणे यांनी होतो असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्याच्यामागे एक जिवाणू असल्याचे १९८०च्या दशकाच्या आरंभी मांडले, तेव्हा मान्यवरांनी माना डोलावल्या नाहीत. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः प्राशन केला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर ‘डोक्याला ताप कमी करा’ हा सल्ला कित्येकांना औषधासारखा पाजला गेला होता. सापडले नाही आणि नाहीच, या दोन गोष्टींतील अंतर असे असते.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रदीर्घ अभ्यासाअंती जाहीर केले की हा गंभीर, दीर्घकालीन आणि सर्व शरीराला व्यापणारा आजार आहे. अमेरिकेत ८ लाख ३६ हजार ते २५ लाख लोकांना तो असावा आणि त्यांतील बहुसंख्यांचे निदानच झालेले नाही, असा त्यांचा अंदाज होता. पुढे कोरोनाची महामारी आली. ताप गेला पण माणूस उठला नाही, हा अनुभव एकाएकी घरोघरी येऊ लागला. ‘लाँग कोविड’ हा शब्द २०२० मध्ये रुग्णांनीच घडवला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या अवस्थेची व्याख्या केली. त्यांतल्या कित्येकांची लक्षणे एमई-सीएफएसच्या निकषांत बसणारी निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी १५,५७९ रुग्णांच्या जनुकीय अभ्यासाचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी लोकांशी तुलना करता जनुकसंचात आठ ठिकाणी फरक आढळला आणि त्यांतील काही रोगप्रतिकार व मज्जासंस्थेशी निगडित आहेत. ही निदानाची चाचणी नव्हे, औषध तर नव्हेच. मुळापासून बरा करणारा उपचार आज उपलब्ध नाही. पण ज्या रुग्णाला तीस वर्षे ‘तुझ्या मनाचे खेळ’ असे ऐकवले गेले, त्याच्यासाठी एवढाही कागद मोलाचा आहे.

सूर्यनमस्कार घालणाऱ्या घरात

आता आपल्या घरांकडे वळावे. पहाटे उठणे, शरीर कमावणे, कष्टाला न भिणे हे संस्कार ज्या घरांत पिढ्यानपिढ्या झाले, त्या घरांविषयी आदरच असायला हवा. परंतु नेमक्या याच घरांत या रुग्णाची सर्वाधिक कुचंबणा होते, हेही मान्य करावे लागेल. आजोबा पंच्याहत्तरीत बारा सूर्यनमस्कार घालतात आणि पंचविशीचा नातू दुपारी बारापर्यंत झोपलेला. आजोबांच्या मनात जे येते ते स्वाभाविक आहे. आयुष्यभर त्यांनी हेच अनुभवले, की अंग जड झाले तर थोडे पळावे, घाम गाळावा, मग हुशारी येते. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो निरोगी शरीराचा आहे. नातवाला मारून मुटकून सकाळी मैदानावर नेले, तो पहिल्या दिवशी आजोबांच्या शब्दाखातर धावलाही, आणि तिसऱ्या दिवसापासून महिनाभर उठला नाही, तर आजोबांना त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. मधले दोन दिवस त्यांची दिशाभूल करतात.

म्हणून या आजारात शौर्य उलट्या दिशेचे आहे. चांगल्या दिवशी हात राखून वागणे, हे अवघड काम रुग्णाला शिकावे लागते. पगार ठरलेला असणारा गृहस्थ महिन्याचे अंदाजपत्रक आखतो, तशी ताकद मोजून खर्च करावी लागते. आज अंघोळ केली तर केस उद्या धुवायचे. सायंकाळी पाहुणे येणार असतील तर दुपारी बोलायचे नाही. शिल्लक संपण्याआधी थांबायचे. बाहेरून पाहणाऱ्याला यात केवळ लाड दिसतात.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, ती २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध आढळला नाही. आर्थिक ओढगस्त, घरातील दुय्यम स्थान आणि मनावरचा भार यांच्याशी मात्र आढळला. ही पाहणी थकव्याच्या तक्रारीची होती, एमई-सीएफएसची नव्हे, आणि दोन्हींची गल्लत करता कामा नये. परंतु आपल्याकडील बाई "मला फार थकल्यासारखे होते" असे म्हणते, तेव्हा लोहाच्या गोळ्यांची पुडी हातावर ठेवून विषय संपवण्याची रीत किती अपुरी आहे, ते यातून कळते. एकीचा थकवा परिस्थितीचा असतो, दुसरीचा थायरॉइडचा, तिसरीचा या आजाराचा. तिघींनाही ऐकून मात्र एकच घ्यावे लागते.

अर्थात प्रत्येक थकवा हा आजार नव्हे. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, ब जीवनसत्त्वांची कमतरता, झोपेत श्वास अडणे, नैराश्य यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. त्यांच्यावर उपचार आहेत आणि माणूस बरा होतो. रुग्णाला नैराश्य आलेलेही असू शकते. आल्यास त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही, आणि ते आले म्हणून मूळ आजार खोटा ठरत नाही. हात मोडलेला माणूसही रडतो.

लॉरा हिलनब्रँड या अमेरिकन लेखिकेचे उदाहरण येथे आवर्जून सांगावे असे आहे. १९८७ मध्ये महाविद्यालयात शिकताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती अचानक आजारी पडली. डॉक्टरांनी मनाचा विकार ठरवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. त्याने तिच्या मनात बिघाड नसून दुखणे शरीराचे आहे असे सांगितले, तरी तिच्यावर विश्वास बसला नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्समधील संसर्गजन्य रोगांच्या एका ज्येष्ठ तज्ज्ञाने तिला सांगितले की आजार खरा आहे आणि त्याच्यावर आपल्याकडे औषध नाही. हाती काहीच न देणारे ते निदान, पण तिला त्याने केवढा धीर आला! घेरीमुळे अक्षरे गरगरत, तेव्हा डोळे मिटून लिहीत तिने ‘सीबिस्किट’ हे एका शर्यतीच्या घोड्यावरील पुस्तक पूर्ण केले. ते २००१ मध्ये आले आणि अमाप खपले. २०१० मध्ये ‘अनब्रोकन’ आले. त्याचा नायक लुई झांपेरिनी हा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये धावलेला आणि पुढे महायुद्धात ४७ दिवस तराफ्यावर काढून जपान्यांच्या कैदेत पडलेला सैनिक. त्याच्या मुलाखती तिने घरी राहून दूरध्वनीवरून घेतल्या. पुस्तक होईपर्यंत दोघांची भेट नव्हती. तिच्या आजाराविषयी कळल्यावर झांपेरिनीने युद्धात जखमी झाल्याबद्दल मिळालेले आपले एक पदक तिला पाठवून दिले. ज्याने खरोखर यातना भोगल्या होत्या, त्याने तिच्याकडे वैद्यकीय पुरावा मागितला नाही.

प्रत्येक रुग्ण पुस्तक लिहील अशी अपेक्षा मात्र करू नये. "ती एवढे करते, मग तुला काय होते?" असा प्रश्न या उदाहरणातून काढला, तर ते न सांगितलेलेच बरे.

लोकांच्या अविश्वासाला रुग्णाने तोंड कसे द्यावे? पहिली गोष्ट, सगळ्यांना पटवून देण्याचा नाद सोडावा. वाद घालण्यातही शक्ती खर्च होते, आणि शक्तीचीच तर टंचाई आहे. घरातील माणसे, उपचार करणारा डॉक्टर आणि नोकरीच्या ठिकाणचा एखादा वरिष्ठ यांना समजले तर बहुतेक काम होते. त्यांच्यासाठी एका पानावर सरळ लिहून ठेवावे : आजाराचे नाव, काय करता येते, काय नाही, श्रमानंतर किती तासांनी त्रास वाढतो. आठ-पंधरा दिवसांची रोजनिशी ठेवली तर डॉक्टरांनाही श्रम आणि त्रास यांची साखळी दिसते. दवाखान्यात एकट्याने जाऊ नये. रुग्ण स्वतः सांगतो ती तक्रार ठरते. नवरा, आई किंवा भाऊ सांगतो तेव्हा ती साक्ष होते. हे न्याय्य नाही, पण व्यवहार असा आहे. आपल्या दिव्यांग हक्क कायद्यात, २०१६ साली, २१ प्रकार समाविष्ट झाले. मज्जासंस्थेच्या जुनाट विकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, या आजाराचे नाव नाही. त्यामुळे रजा, सवलत, बदली यासाठी आज तरी वरिष्ठांच्या समजूतदारपणावरच भिस्त ठेवावी लागते.

चारचौघांत "पण दिसतोस तर ठणठणीत!" असे कोणी म्हटले, तर "हो, आज बरा दिवस आहे" एवढे उत्तर पुरते. उरलेले उत्तर घरच्यांनी द्यावे. आप्तांपुढे रुग्णाच्या बाजूने बोलणारा घरात एक जण जरी असला, तरी रुग्णाला स्वतःची वकिली करावी लागत नाही.

आणि भेटायला जाणाऱ्यांनी? आधी दूरध्वनी करावा. काढे, अंगारे, मासिकातली कात्रणे नेऊ नयेत. ती त्या घरात आधीच पोहोचलेली असतात. डबा न्यावा, तो दारात द्यावा. मुलाचा अभ्यास तासभर घ्यावा, विजेचे बिल भरून यावे. आत बोलावलेच तर हळू आवाजात, दहा मिनिटे बसावे.

त्या शिक्षिकेच्या घरी पंधरा दिवसांनी आत्याचा दूरध्वनी येतो. मांडवातले बोलणे कानावर गेलेले असूनही नवरा ते काढत नाही. लग्नानंतरचे दिवस कसे गेले तेवढे सांगतो. पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्या विचारते, "कधी येऊ?"

"गुरुवारी अकराला या, आत्याबाई. सकाळी त्यातल्या त्यात बरं असतं. तिला बोलवलं नाही तर नुसत्या शेजारी बसा."